‘पोहोचली’ची व्याख्या

‘पोहोचली’ या एका शब्दावरून रविवारी दुपारी जेवता जेवता माझं आणि माझ्या भाच्याचं असं काही वाजलं, की त्याची बायको मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून बसली.

भाचा म्हणजे ढब्बू. खरं नाव चारचौघांत मिरवण्यासारखं आहे, पण बहीण गेली आणि तो माझ्याकडे राहायला आला, तेव्हा इतका गुबगुबीत होता की शेजाऱ्यांनीच हे नाव पाडलं. आता काडीसारखा झालाय. आरोग्य खात्यात उपसचिव आहे, आणि काखेत फाईल असल्याशिवाय त्याला चालता येत नाही, असं मी त्याच्या बायकोला सांगत असते. मी लग्न केलं नाही. तेव्हा पोटचं म्हणा, पाठचं म्हणा, जे काय आहे ते हेच.

मी डॉक्टर आहे. सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागात जन्म काढला. तिथे राहून माणूस एक तर संत होतो किंवा फटकळ, आणि मी संत झाले नाही हे मला ओळखणारा कोणीही सांगेल. निवृत्त होऊन घरी निवांत बसले होते, तेवढ्यात खात्याने बोलावलं. शहरातल्या निम्म्या भागातल्या ॲम्ब्युलन्स खात्याने एका कंपनीला चालवायला दिल्या होत्या. उरलेल्या निम्म्या भागात खात्याच्याच गाड्या धावत होत्या. वर्ष संपत आलं होतं आणि आता सगळ्याच गाड्या, सगळीकडच्या, कंपनीच्या हवाली करायचं घाटत होतं. त्याआधी ‘स्वतंत्र आढावा’ हवा, म्हणून एका सदस्याची समिती नेमली. तो एक सदस्य मी. आणि समितीचं लिखापढीचं सगळं बघणारा सदस्य सचिव म्हणून खात्याने दिलं ढब्बूला.

मी पहिल्याच भेटीत खात्याच्या सचिवांना म्हटलं, “हा माझा भाचा आहे. तुम्हाला चालणार आहे का?”

ढब्बू शेजारीच उभा होता. सचिव हसले. गोड माणूस, आवाज कधी चढत नाही. “अहो डॉक्टर, घरचं माणूस असलं की काम अडत नाही,” म्हणाले. मला आपलं बरंच वाटलं. निदान चहा तरी मनासारखा मिळेल, असा माझा हिशोब.

खरं सांगते, कंपनीवर माझा राग नव्हता. खात्याच्या गाड्या मी आयुष्यभर पाहिल्यात. एकीचं मागचं दार सुतळीने बांधलेलं असायचं. एकीचा भोंगा सुरू केला की दिवे जायचे. कंपनीच्या गाड्या कोऱ्या करकरीत होत्या, आत सगळं जागच्या जागी होतं, पोरं गणवेशात होती. आणि आकडे तर असे, की कंपनीची गाडी खात्याच्या गाडीपेक्षा निम्म्या वेळात पोहोचत होती. मी मनातल्या मनात कौतुकाचा पहिला परिच्छेद लिहूनही टाकला होता. पण मला बसून अहवाल लिहिता येत नाही. म्हटलं, एकदा त्यांच्या गाडीत बसून येते.

सकाळची वेळ होती. फोन आला, एका शिंप्याच्या छातीत दुखत होतं, तिसऱ्या मजल्यावर घर. आम्ही सुसाट निघालो. पुढे ड्रायव्हरशेजारी मी, मागे दोन पोरं. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि ड्रायव्हरने समोरच्या पडद्यावरचं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, ‘पोहोचली’.

“अहो, अजून पोहोचलो कुठे?” मी म्हटलं. गल्लीत एक पाण्याचा टँकर आडवा लागला होता आणि घर पार दुसऱ्या टोकाला होतं.

“कंपनीच्या नकाशात पोहोचलो, मॅडम. इथून पुढचं मोजत नाहीत,” तो म्हणाला. “इथे बटण नाही दाबलं तर उशीर दिसतो, आणि मग आमच्या मानगुटीवर बसतात.”

त्याचा आवाज अगदी सरळ होता. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. टँकर हलेना, म्हणून मी उतरले आणि या गुडघ्यांनी जमेल तशी पळाले. पोरं स्ट्रेचर घेऊन माझ्या मागे.

शिंपी घरात नव्हता. तो खाली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता, शर्ट घामाने निथळत होता, बायकोने त्याला पाठीमागून धरलं होतं. छातीत दुखणाऱ्या माणसाला एक पायरीसुद्धा चालवायचं नसतं. हे आमच्याकडे वॉर्डबॉयलाही सांगावं लागत नाही. या माणसाला तीन मजले उतरवलं होतं.

“खाली कशाला आणलंत?” मी ओरडलेच.

बायकोने मोबाईल माझ्यापुढे धरला. “गाडी पोहोचली असं आलं ना यावर. आम्हाला वाटलं दारात उभी आहे. तुम्हाला थांबायला लागू नये म्हणून आणलं.”

त्याने माझ्या हातांतच प्राण सोडला. मी शक्य ते सगळं केलं, गाडीतही करत राहिले. सुई टोचू नये म्हणून बोटाला घातलेलं अंगुस्तान तसंच होतं. ते काढायचंही कोणाला सुचलं नव्हतं.

त्यानंतर मी दोन्हीकडचे आकडे पुन्हा मागवले आणि ढब्बूला घेऊन बसले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खात्याच्या गाड्यांची एक जुनी रीत आहे. गाडीतला माणूस रुग्णाच्या मनगटावर बोटं ठेवतो आणि वायरलेसवर म्हणतो, ‘हात लागला’. ते शब्द ऐकू आल्याशिवाय कंट्रोल रूममध्ये घड्याळ थांबवत नाहीत. टँकर, जिने, कुत्री, बंद फाटक, सगळं त्यात मोजलं जातं. म्हणजे एकीकडे गल्लीच्या तोंडापर्यंतचा वेळ, दुसरीकडे मनगटापर्यंतचा, आणि आमच्या तक्त्यात दोन्ही एकाच मथळ्याखाली शेजारी शेजारी मांडलेले. दिसायला एक, मोजायला दोन. ढब्बूने स्वतः कंपनीच्या भागातल्या घरांना फोन लावले, माणूस प्रत्यक्ष कधी आला ते विचारलं. मनगटापर्यंत मोजलं तर कंपनी मागे होती. आणि खाली आणून बसवलेला रुग्ण तो शिंपी एकटाच नव्हता.

“मावशी, हे भयंकर आहे,” ढब्बू तेव्हा म्हणाला होता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

मग मी परिच्छेद लिहिला. भाषा माझी, म्हणजे ओबडधोबड. ‘कंपनीची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की ती पोहोचली असं धरलं जातं आणि तसा निरोप घरी जातो. निरोपावर विश्वास ठेवून लोक रुग्णाला खाली आणतात. असा एक रुग्ण माझ्यासमोर दगावला. हे बदलेपर्यंत एकही गाडी कंपनीला देऊ नये.’ ढब्बूने तो टाइप केला आणि मसुदा खात्यात गेला. खात्याची पद्धत अशी, की कुठलाही अहवाल छापण्याआधी ‘भाषा तपासून’ येतो. मला वाटलं, चला, ऱ्हस्वदीर्घ तरी सुधारतील.

तपासून आलेला मसुदा घेऊन ढब्बू त्या रविवारी आला होता. माझ्या परिच्छेदाच्या जागी एकच वाक्य होतं. ‘आगमन या संज्ञेच्या व्याख्येत एकसूत्रता आणण्यास वाव आहे.’

शिंपी मेला होता आणि व्याख्येत वाव होता. मी घास खाली ठेवला.

“हे कोणी लिहिलं?”

“मी,” ढब्बू म्हणाला. ताटाकडे बघत म्हणाला.

“स्वतःच्या बुद्धीने?”

“साहेबांनी सांगितलं. म्हणाले, मुद्दा काढायचा नाही, फक्त सौम्य करायचा. मुद्दा आहेच ना त्यात, मावशी. व्याख्या वेगळी आहे हे म्हटलंच आहे.”

“आणि माणूस?”

“एका केसवरून धोरण ठरत नाही असं त्यांचं म्हणणं.”

“त्यांचं राहू दे. तुझं काय म्हणणं? फोन तू लावले होतेस. भयंकर आहे असं तूच म्हणाला होतास.”

त्याने ताट बाजूला सारलं. मग एकदम बोलला, “तुझं काय जातंय गं? तू निवृत्त आहेस. तू बोलशील आणि घरी जाऊन झोपशील. मला तिथे रोज जायचंय. ते म्हणाले, मसुदा आहे तसा गेला तर चौकशी लागेल, आकडे परस्पर फोन करून कोणाच्या परवानगीने गोळा केलेस म्हणून. नोकरी जाईल माझी.” मग वाजलं ते इथे वाजलं. मी त्याला पाठीचा कणा आहे का विचारलं. त्याने मला विचारलं, की तुला आयुष्यात कधी कोणाचं भलं करायचं झालं तर त्यासाठी पणाला लावायला माझ्याशिवाय दुसरं कोणी का सापडत नाही. हे लागलं मला. दोघंही उपाशीच उठलो.

सोमवारी मी सचिवांकडे गेले. त्यांनी उठून खुर्ची दिली, प्रकृती विचारली, पावसापाण्याचं विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. मी म्हटलं, “माझा परिच्छेद परत घाला, नाहीतर मी सही करणार नाही.”

“सहीची गरजच नाही, डॉक्टर,” ते इतक्या मायेने म्हणाले की क्षणभर मला कळलंच नाही. “समितीने अहवाल विभागाला सादर करायचा, आणि विभागाने तो प्रसिद्ध करायचा, असा आदेश आहे. सादर तुम्ही केलाय. मुखपृष्ठावर तुमचं नाव आहे.” मग थोडं पुढे वाकून म्हणाले, “भाच्याचं करियर चांगलं चाललंय. हुशार मुलगा आहे. तुम्ही घडवलाय.”

  मी उठले आणि जिना उतरले.

गुरुवारी मंत्र्यांपुढे सादरीकरण होतं. त्या बैठकीत निर्णय होणार आणि दुसऱ्या दिवसापासून गाड्यांच्या किल्ल्या कंपनीकडे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मधल्या दिवसांत ढब्बूने फोन केला नाही. मीही केला नाही. बुधवारी भाचेसुनेचा आला. “मावशी, ते जेवत नाहीयेत. तुम्ही उद्या काही बोलणार आहात का?” मी म्हटलं, “मला माहीत नाही.” खरंच माहीत नव्हतं. कुंपणानेच शेत खाल्लं तर ओरडायचं, एवढं मला कळत होतं. पण त्या कुंपणाला माझ्या हातचं पाणी घातलेलं होतं.

बैठकीची खोली लांबट, थंडगार, खिडक्यांना जाड पडदे. टेबलाच्या टोकाला मंत्री, उजवीकडे सचिव, डावीकडे कंपनीचे दोन साहेब आणि त्यांचा वकील. कोपऱ्यात लघुलेखिका वही मांडीवर घेऊन बसलेली. ढब्बू पडद्याजवळ उभा राहून एकेक पान दाखवत होता. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. वाचता वाचता तो त्या जागेपाशी आला. वाटलं, थांबेल. घसा खाकरला त्याने, आणि वाचलं, “आगमन या संज्ञेच्या व्याख्येत एकसूत्रता आणण्यास वाव आहे.” आणि पान उलटलं.

“हे वाक्य माझं नाही,” मी म्हटलं.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मंत्र्यांनी मोबाईलवरून नजर उचलली. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. “म्हणजे काय, डॉक्टर?”

“मी लिहिलेला परिच्छेद काढून तिथे हे घातलंय. मी लिहिलं होतं की एक माणूस मेला आणि गाड्या देऊ नयेत.”

कंपनीचे साहेब एकमेकांकडे बघू लागले. मंत्री सचिवांकडे वळले. सचिव अगदी शांत होते. “विभागाने भाषेपलीकडे काही पाहिलेलं नाही, सर. जे काही झालं असेल ते समितीच्या आत झालं असेल.”

“असं मोघम नको,” मंत्री मला म्हणाले. “खात्यावर आरोप करताय तर सांगा. कोणी बदललं?”

 धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं म्हणतात ना, ते मी त्या खुर्चीत बसून भोगलं. ‘मला माहीत नाही’ म्हटलं असतं तर ढब्बू वाचला असता. पण मग वाक्य कोणी बदललंच नाही असं झालं असतं आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्या गेल्या असत्या. सचिवांचं नाव घ्यावं तर त्यांनी कागदाला बोट लावलं नव्हतं. ढब्बू पडद्यापाशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडला होता. तो आता माझ्याकडे बघत होता.

“सदस्य सचिवांनी,” मी म्हटलं. “माझ्या भाच्याने.”

वकील जणू याच शब्दाची वाट बघत होता. “भाच्याने?” तो म्हणाला. “म्हणजे आढावा घेणार मावशी आणि लिहिणार भाचा? मग हा आढावा स्वतंत्र कसा म्हणायचा, सर? असा अहवाल कुठेही टिकणार नाही.”

“हे नातं विभागाला आजच कळतंय,” सचिव म्हणाले. आणि दुःखाने मान हलवली.

तेव्हा मला सगळं दिसलं. मी ऐकलं असतं तर अहवाल त्यांचा होता, आणि नाही ऐकलं तर नात्याचा दोष दाखवून तो मोडीत निघत होता. सुंठीवाचून खोकला गेला. मला शोधून काढून नेमलं होतं ते माझ्या अनुभवासाठी नव्हतंच. ‘घरचं माणूस’ म्हणताना ते का हसले होते ते मला आत्ता समजलं, आणि मला स्वतःच्या मूर्खपणाची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. “मग असं करू. हा आढावा बाजूला ठेवू. पुढे दुसरा घेता येईल. तोवर हस्तांतरण थांबवायचं काही कारण दिसत नाही.” त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

कोपऱ्यातून लघुलेखिकेने विचारलं, “हे शेवटचं इतिवृत्तात कसं घेऊ?”

तिने विचारलं ढब्बूला. कारण बैठकीचं इतिवृत्त सदस्य सचिवाच्या सहीने निघतं. ते तिथल्या तिथे वाचून दाखवतात, तो सही करतो, आणि ते विधिमंडळाच्या सभागृहापुढे जातं. मग मंत्र्यांनाही त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. इतक्या बैठका केलेला सचिवांसारखा माणूस, पण दुसऱ्याच्या तोंडून कधी काही वेगळं निघेल हे त्यांच्या हिशोबातच नव्हतं. त्यांनीच उत्तर दिलं. “त्यात घेण्यासारखं काही नाही. ‘चर्चा झाली’ एवढं पुरे.”

“नाही,” ढब्बू म्हणाला. “सगळं घ्या.”

“उपसचिव,” सचिव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

ढब्बू त्यांच्याकडे वळलाच नाही. तो लघुलेखिकेशी बोलत होता, सावकाश, तिला लिहिता येईल अशा बेताने. “परिच्छेद मी बदलला. सचिवांनी सांगितलं म्हणून बदलला. आमचं नातं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सचिवांना सांगितलं होतं, मी तिथे हजर होतो. घेतलंत? आता मूळ परिच्छेद घ्या.” आणि तो पाठ म्हणू लागला. टाइप त्यानेच केला होता. “कंपनीची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की...”

वकील उठून उभा राहिला. मंत्री अर्धवट उठलेले पुन्हा खाली बसले. “तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय करताय?” सचिवांनी विचारलं.

“हो, साहेब.” मग लघुलेखिकेला, “माझ्या नावासकट घ्या.”

मला अभिमान वाटला असेल, असं नंतर सगळे धरून चालले. खोटं कशाला बोलू.  माझ्या डोळ्यांपुढे आतल्या खोलीचं लावलेलं दार होतं, दाराआड त्याची मुलगी होती. इतका वेळ मला तो ताठ उभा राहायला हवा होता, आणि तो राहिला तेव्हा मला तो खाली बसायला हवा होता. मी नुसतं ‘पुरे’ म्हटलं असतं तर तो थांबला असता. लहानपणापासून त्या एका शब्दाला थांबतो तो, कितीही हट्टाला पेटलेला असला तरी. शिंप्याच्या वाक्यापाशी येऊन तो थांबलासुद्धा, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड मिटून बसून राहिले. मग त्याने उरलेलं वाक्यही लिहून घ्यायला लावलं.